घंटेचा धातू

तळघरातल्या वर्गात एकोणीस मुलं.
भिंतीवर रोमचा नकाशा, त्यावर जॉर्जियाचा,
दोन्हींना मिळून एकच खिळा.
वर चर्चमध्ये कुणी पियानो जुळवतंय,
तोच सूर पुन्हा पुन्हा,
दुखरा दात जिभेने चाचपावा तसा.

मी लॅटिन शिकवतो, आणि गुरुवारी इतिहास.
विश्वस्त एज्रा पॅजेट पहिल्याच दिवशी म्हणाले होते,
"मास्तर, मुलांना त्यांचे पूर्वज परत द्या.
खरं, चांगलं, सुंदर. बाकी जग देतंच आहे."
मी मान डोलावली.
मला तीन मुलं आहेत, आणि गाडीचे हप्ते.

आज गुरुवार.
कपाटातून चर्चची वही काढली, अठराशे एकेचाळीसची.
मुलांना आधी हात धुवायला लावले.
अक्षर असं, की मोत्यांनी लाजावं:
बाप्तिस्मे, लग्नं, अंत्यविधी,
छपराला पाइनच्या फळ्या, प्रभुभोजनाला द्राक्षारस,
आणि त्याच शाईत, त्याच संथ वळणात,
'नव्या घंटेसाठी. डायसी, वय अकरा, विकली.
तीनशे दहा डॉलर. देवाची स्तुती असो.'

वाचत होती थिओडोशिया क्रंप.
तिचं वय अकरा.
ती अडखळली नाही, हेच मला आठवतं.
स्वल्पविरामसुद्धा पाळले तिने.
मग वही माझ्याकडे वळवून म्हणाली,
"सर, या वाक्यात कर्ता कुठाय?"

प्रश्न व्याकरणाचा होता.
दोन वर्षं मी तिला हेच तर शिकवलं:
आधी कर्ता शोध, वाक्य आपोआप उलगडेल.

फळ्यावर एक क्रियापद लिहिलं, कॉन्फितेओर.
म्हटलं, जुन्या मंडळींचं हे क्रियापद दुधारी आहे.
मी पाप कबूल करतो, असाही याचा अर्थ,
मी स्तुती करतो, असाही.
धातू एकच.
वही लिहिणाऱ्याला यातलं अर्धंच येत होतं.

"आणि आपल्याला?"
मागच्या बाकावरून लेम्युअल.
त्याच्या खापरपणजीची आजी याच पानांत कुठेतरी असेल,
नावापुरती, आडनावाशिवाय.

मी खडू ठेवला.
इतकी वर्षं मला वाटायचं, वारसा म्हणजे
कपाटातली चांदीची भांडी,
राखेने घासून पुढच्यांच्या हाती द्यायची.
पण भांड्यांसोबत उधारीही येते.
ऋणको मेला म्हणून ऋण मरत नाही,
आणि इथे तर धनको अकरा वर्षांची.

तेवढ्यात वर घंटा झाली. दुपारचे बारा.
रोज या वेळी आम्ही उभे राहतो, प्रार्थना म्हणतो.
आज उभे राहिलो, आणि नुसते मोजत गेलो.
नऊ. दहा.
अकराव्या ठोक्याला थिओडोशियाने डोळे मिटले.
बारावा ठोका पडला.
डायसीच्या बाराव्या वर्षाबद्दल
वहीत काहीच नाही.

घरी जाऊन मुलं बोलतीलच.
सोमवारी पॅजेट मला बोलावतील,
खुर्ची देतील, गोड चहा देतील,
मग विचारतील, हे काय चाललंय.
मी वही बरोबर नेईन.
उघडण्याआधी त्यांना म्हणेन,
हात धुऊन या.