हूल

पळणारीची पहिली विद्या पायात नसते,
खांद्यात असते.
रहिमतपूरच्या मैदानावर हे मला सर्जाअण्णाने शिकवलं,
जो उभ्या जन्मात खो-खो खेळला नाही.
"खांदा डावीकडं धाड, पोरी. तू मागनं जाऊ नगंस.
त्यो एकटाच जाऊंदे."

मी धाडायचे.
मागची पोर खांद्यापाठी जायची,
आणि एकदा दिशा धरली की तिला वळता येत नाही,
नियमच आहे तसा.
ती पुढचीच्या पाठीवर खो देईस्तोवर
मी दोघींच्या मधून उजवीकडे,
धापेसकट.

अण्णा भिंतीवर बसून शेंगा सोलायचा.
टाळ्या नाही वाजवायचा.

फौजेत त्याचीही तिघांचीच तुकडी होती.
वाळूत त्यांनी तळ उभा केला, नसलेल्या पलटणीचा.
बांबूच्या तोफा, वरून डांबर.
साठ कंदील, तिन्हीसांजेला लावायचे, पहाटे विझवायचे.
आठ चुली, ज्यांच्यावर काही शिजत नव्हतं.
जीपमागे बाभळीची फांदी बांधून
दिवसभर नुसती धूळ,
कुणीतरी लांबून मोजावी म्हणून.
खरी पलटण बारा कोसांवर, अंधारात,
विडीसुद्धा न पेटवता.

पाचव्या रात्री गोळे आले.
"आलं तवा आमी नाचलो," अण्णा म्हणतो,
"म्हंजी खरं वाटलं की त्यास्नी!"
नाचता नाचता दिसलं,
कडेचे चार कंदील विझलेत.
खटावचा बयाजी शेडगे काडेपेटी घेऊन गेला.

एवढंच सांगतो. पुढे शेंगा.

बाकीचं आईकडून कळलं.
अण्णा बयाजीच्या घरी गेला तेव्हा म्हणाला,
तोफेवरचा हात सुटला नव्हता वैनी, शेवटपतोर.
तिने डोळे पुसले, आणि विचारलं,
किती लांब जायची हो ती तोफ?
अण्णा म्हणाला, लई लांब.

जिल्ह्याच्या फायनलला, साताऱ्यात,
सरांनी मला पहिल्या तुकडीत घातलं.
लंगड, म्हणाले. सगळ्या तुझ्यावरच येऊ देत.
मी लंगडले.
दमलेलं सावज बघून नऊच्या नऊ जणी माझ्यावर आल्या,
यास्मिन मुलाणी तिकडे खांबापाशी
निवांत श्वास घेत उभी.
दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी मी बाद.
यास्मिन शेवटपर्यंत राहिली.
पेपरात फोटो तिचा, कडेला माझं कोपर.
मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू.
फक्त पाय चार दिवस लंगडत राहिला,
त्याला काही झालेलं नसताना.

अण्णाच्या शाळूत बुजगावणं नाही.
शेजाऱ्यांनी जुना सदरा देऊ केला, मडकंही.
नको म्हणाला.
कणसं भरली की स्वतःच माळ्यावर उभा राहतो,
हातात गोफण.
दगड घालत नाही तिच्यात, नुसता फटकारा.
पाखरं उठतात,
बांधापर्यंत जातात, परत बसतात.

"कळलंय त्यांना," मी म्हणते.
"कळू दे की," तो म्हणतो
आणि पुन्हा फिरवतो.