झाकून, वाकून

सुट्टी संपली की पहिल्या बुधवारी
शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या टाकून बसतो आम्ही तिघी,
उवा बघणाऱ्या आया.
इथे डेवेंटरला याला कामच म्हणतात.
पगार नाही. कॉफी मिळते, पातळ.

एकेक डोकं येतं गुडघ्याशी.
कानामागे बघायचं, मानेच्या खळीत बघायचं.
सापडलं तर आपला चेहरा बदलायचा नाही.
"झालं, पळ," म्हणायचं त्याच सुरात,
आणि वहीत नाव लिहायचं शिसपेन्सिलीने,
म्हणजे पुढे खोडता येतं.

नियमांचा कागद माझ्याच अक्षरात आहे,
थोरला पहिलीत होता तेव्हाचा.
कुणाचं नाव फाटकापाशी घ्यायचं नाही.
कोणाकडून आल्या, विचारायचं नाही.
मूल ज्या घरी खेळून आलं असेल
त्या घरी त्याच संध्याकाळी कळवायचं.

त्याच संध्याकाळी.

आज शुक्रवार. यिल्डाऊ न्हाणीघरात, मान खाली,
केस कंडिशनरने चोपडलेले.
मी फणी ओढते, कागदावर पुसते,
आणि तिळाएवढं काहीतरी
पांढऱ्या कागदावरून चालू लागतं,
घाई नसल्यासारखं.

परवा तिचं डोकं मी बघितलंच नव्हतं.
माझीच तर आहे, म्हटलं.
एकशे साठ डोकी पाहिली वाकून वाकून,
आपलं तेवढं राहिलं झाकून.

रविवारी मेरेल राहायला होती.
जेवणाच्या टेबलाखाली चादरीचा तंबू,
एक टॉर्च, एक उशी,
आणि एकच लोकरी टोपी, आळीपाळीने,
कारण तंबूत म्हणे बर्फ पडत होता.

हिल्डेला लिहायला बसते.
"एक छोटीशी गोष्ट सांगायची होती."
खोडते. छोटीच असते ती,
तोच तर सगळा त्रास आहे.
"आमच्याकडे सापडल्यात" ही कबुली.
"तुमच्याकडेही बघ" हा आरोप.
शेवटी हसरा चेहरा जोडला तर थिल्लर,
नाही जोडला तर नोटीस.

दोन वर्षांपूर्वी रुलीनला असंच कळवलं होतं.
उत्तर आलं: "आमच्या घरी रोज केस धुतात."
ऊ धुतलेल्या केसांतही सुखाने नांदते,
हे मी तिला सांगितलं नाही.
खाजवून खरूज कोण काढणार?
तेव्हापासून तिच्या टाइसच्या वाढदिवसाचा केक
आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरून वळून जातो.

शेवटी फोनच लावला.
सांगून टाकलं एका दमात, श्वास न घेता.
पलीकडे गप्प. नुसता चुलीवरचा पंखा.
मग हिल्डे म्हणाली,
"मला सोमवारपासून माहीत आहे."

आणि मग, आणखी हळू,
"बुधवारी मेरेलला ताप नव्हता, व्हिटस्के."

वहीत मीच लिहिलं होतं: मेरेल, गैरहजर, आजारी.
पुढे एक छोटं फूलसुद्धा काढलं होतं.

"तुला कसं सांगणार होते?
तू ती, खुर्चीवर बसणारी."

मला राग यायला हवा होता. तयारही होता,
ओठापर्यंत आला होता.
पण कागदावर ती अजून चालत होती,
आणि मी पाच दिवस हात धुतल्यासारखी हिंडले होते
शाळेच्या फाटकातून.

वीस मिनिटांत ती सायकलवरून आली,
रेनकोटच्या खिशात फणी, मागे कॅरियरवर मेरेल.
दोघी मुली स्वयंपाकघरात शेजारी शेजारी,
टॉवेल खांद्यावर, म्हाताऱ्यांसारख्या.
"तुझ्या किती?" "सात."
"माझ्या अकरा!" यिल्डाऊ ओरडली,
आणि मेरेलला खरंच वाईट वाटलं.

मुली बागेत गेल्या.
हिल्डेने फणी गरम पाण्यात बुडवली, झटकली,
रिकाम्या स्टुलाकडे बोट केलं.
"आता तू."
"माझ्यात नसतील."
ती काही बोलली नाही. वाट बघत उभी राहिली.

मी बसले. मान पुढे केली.
तिने केसांचा भांग पाडला नखाने,
कानामागे पाहिलं, मानेच्या खळीत पाहिलं,
बराच वेळ.

"झालं," ती म्हणाली, अगदी त्याच सुरात.

आणि मला कळलं की सापडली.