काळ ओळखा

पाळकबाईंचा उपदेश गुरुवारीच येतो,
चार पानं, मोठ्या टायपात,
कारण त्यांच्याकडे चार गावांची चार चर्चं
आणि आमचा नंबर रस्ते उघडे असतील तर.
या रविवारी रस्ते बंद.
टॉर्स्बीपासून महामार्गापर्यंत एकच पांढरं,
कुंपणाच्या खांबांची तेवढी टोकं वर.
म्हणून वाचायचं मी:
साळवे, साखर कारखान्यातला केमिस्ट,
श्रीरामपूरच्या उसातून नॉर्थ डकोटाच्या बीटात आलेला,
ज्याला इथली मंडळी प्रेमानं ‘सॅल्वी’ म्हणते.

शनिवारी रात्री बाईंचा फोन आला.
तिसऱ्या पानावर, मधोमध, आर्विड आहे.
आपण कर्मांनी तरत नाही, कृपेनं तरतो,
हे सांगताना त्यांनी लिहिलंय:
‘आर्विडला विचारा.
तो दर रविवारी पहाटे या पायऱ्यांवरचा बर्फ काढतो.
स्वर्ग मिळावा म्हणून नाही.
बर्फ पडलाय म्हणून.’
हे लिहिलं गुरुवारी.
आर्विड गेला शुक्रवारी, न्याहारीच्या टेबलाशी,
रोजच्या मननाच्या पुस्तिकेत बोट तसंच ठेवून.
बाई म्हणाल्या, त्या ओळीचं
तुम्हाला योग्य वाटेल ते करा.
मग लाइन खरखरली आणि कटली.

योग्य.
सातवीत दुशिंग सर फळ्यावर लिहायचे: काळ ओळखा.
सुतार रंधा मारतो. वर्तमान.
सुतार रंधा मारत असे. भूत, तोही रीतीचा.
दोन गुणांचा प्रश्न, माझा कधी चुकला नाही.
आता रात्री अकराला पेन्सिल घेऊन बसलो.
इंग्रजीत तर किती किरकोळ काम,
शेपटीचं एक अक्षर पुसायचं, दोन लावायची.
पण मला आधी मराठीतच टोचतं.
काढतो. खोडलं. काढायचा.
खोडलं. काढतो.
बायको म्हणाली, झोपा आता,
तुमच्या पेन्सिलीनं तो उठणार आहे का?
कागद तिथं रबरानं पातळ झाला,
मागचा दिवा दिसायला लागला त्यातून.

पहाटे चर्चवर गेलो.
त्याचं फावडं दाराआड, मुठीला निळी चिकटपट्टी.
सात पायऱ्या. उणे एकोणतीस.
तिसरीवरच श्वास मिशीत गोठला.
खरं सांगतो, स्वर्गाची आठवण
एकदाही आली नाही.

मंडळी अकरा.
सॉल्वेग हॉग्स्टाड दुसऱ्या बाकावर,
शेजारी त्याचं गीतपुस्तक,
बस किंवा सिनेमात रुमाल टाकावा तसं.
पहिलं पान नीट गेलं. दुसरंही.
तिसऱ्यावर, त्या पातळ जागी, मी थांबलो.
हीटर ठणठणला.
कोणी खोकलं नाही, आणि आमची मंडळी खोकत नाही
म्हणजे ऐकते आहे.
‘वाच,’ सॉल्वेग बसल्या जागेवरून म्हणाली.
उपदेशात मध्येच बोलणं
या भिंतींनी आजवर ऐकलं नसेल.
‘लिहिलंय तसंच वाच.’

वाचलं.
तो काढतो.
बर्फ पडलाय म्हणून.

नंतर तळघरात कॉफी, कुणाच्या तरी
फ्रीझरमधून निघालेली लिंबाची वडी.
सॉल्वेगनं पिशवीतून ती पुस्तिका काढली.
‘शुक्रवारचं राहिलंय,’ म्हणाली, ‘चष्मा विसरले.’
चष्मा तिच्या गळ्यातच लटकत होता.
मी वाचलं. आठ ओळी, एक छोटी प्रार्थना,
मरणाबद्दल अवाक्षर नाही,
द्राक्षवेलीच्या छाटणीबद्दल काहीतरी,
जी आमच्या शंभर मैलांत कुठं नाही.
आमेन तिनं म्हटलं, जरा उशिरा,
कोणी दुसरं म्हणेल म्हणून थांबल्यासारखं.

मग कप खाली ठेवला.
‘पायऱ्या कोणी काढल्या?’
मी, म्हणालो.
‘कडा राहिल्यात,’ ती म्हणाली,
‘तो भिंतीकडून सुरू करायचा.’