मृत्यूचे कारण

बोरखेडीचा कोंडवाडा माझ्या बाबांकडे होता.
म्हणजे किल्ली, रजिस्टर, एक बादली
आणि निंबाखालचं सिमेंटचं टाकं.
पगार, पंचायत देईल तेव्हा.

कुणाच्या तुरीत घुसलेली गाय,
धुरा ओलांडून पऱ्हाटी खाल्लेला हेला,
बसस्टँडमागे उकिरडा हुंगणारं कुंभाराचं गाढव,
सगळे आरोपी बाबांकडे येत.
मागून रागावलेला वावरवाला, हातात तुराटी.
बाबा आधी ती तुराटी काढून घेत.
"इथं आल्यावर ते सरकारचं ढोर हाय,
अन् सरकारले कोनी मारत नाई."

त्यांची बोलणी गावात चालायची, सुट्या पैशांसारखी.
दंड भरताना कुरकुरणाऱ्याला :
"दावं दोन टोकाचं असते, उकंडराव.
एक तिच्या गळ्यात, दुसरं तुमच्या."
पोळ्याला झूल घालून बैल मिरवणाऱ्याला :
"आज सारेच पाया पडतेत.
कोन कसा, ते करीच्या दिवशी पाहू."
ढेपेच्या पोत्यावर बसून अभ्यास करणाऱ्या मला :
"वासराले नाव देलं का? बरं केलं.
आता बाजारात नेताना नावानंच हाक मारजो."

आणि रोज, ताट वाढलं की :
"थांबा. आधी टाकं, मंग ताट."
बादली घेऊन निघायचे.
बोट बुडवून पाणी मोजायचे, पेराच्या हिशेबानं.
तापात, मयतीत, सणाला.
माझ्या लग्नाच्या पंगतीत व्याही ताटकळले,
बाबा गायब.
सासर चार घरं सोडून, तरी सासूबाईंनी वर्षभर ऐकवलं.
मी चिडायची.
आई भाकर झाकून ठेवायची फक्त,
कधी काही म्हणाली नाही.
मला वाटायचं, स्वभाव एकेकाचा.
कुणाला तंबाखू लागते, यांना टाकं.

यंदा पंचायतीनं कोंडवाडा पाडला.
शिपाई म्हणाला, तुमच्या बाबांचं काही असेल तर न्या.
होतं काय? बिनबुडाची बादली,
पाच रजिस्टरं, त्यातल्या एकाला उधई.

बाबांचं अक्षर वाऱ्यात झुकलेल्या ज्वारीसारखं.
तारीख. जनावर. रंग, शिंगं, खूण. मालक. दंड.
शेवटचा रकाना : मेल्यास, मृत्यूचे कारण.
तीस वर्षांत अकरा नोंदी.
सर्पदंश. फऱ्या. म्हातारपण. प्लास्टिक.
वीज, ती निंबावर पडली होती, मला आठवते.

आणि माझ्या जन्माआधीच्या एका मे महिन्यात,
नवतपाचा तिसरा दिवस :
बकरी एक. काळी. डाव्या कानाला चीर. गाभण.
मालक : माहीत नाही.
मृत्यूचे कारण : मी.

त्याखाली सचिवाचा शिक्का,
न वाचता मारलेला, जरा तिरपा.

आई सुपात तूर निवडत होती. तिला विचारलं.
"तुह्या मामाचं लगन होतं आर्वीले. दोन दिवस लागले.
त्यायले वाटलं, टाकं मी भरलं.
मले वाटलं, त्यायनं."
मग बराच वेळ खडे वेचत राहिली.
"दोघायचं होतं ते," म्हणाली,
"पन त्यायनं एकट्याचं लिहिलं."

आता तिथं पाण्याचं एटीएम आहे.
पाच रुपयांचं नाणं टाका, वीस लिटर थंड.
मागच्या पाइपातून खराब पाणी गळतं,
दुपारची ढोरं तिथं जीभ लावून उभी असतात.
मी घमेलं ठेवलं, चोरीला गेलं.
दुसरं ठेवलं, तेही.
तिसऱ्याला भोक पाडून दाव्यानं खांबाला बांधलं.
सरपंच हसले. हसोत.

आज रात्री आईकडे जेवायला बसले,
घास हातात, आणि आठवेना :
दुपारी पाहिलं तेव्हा घमेल्यात पाणी होतं,
की नुसतंच ऊन चमकत होतं?

टॉर्च घेतला.
मागं वळून पाहिलं नाही,
पण ताटावर ताट झाकल्याचा
आवाज आला.