वीस मिली, तोंडाने

राउंडला साहेब म्हणाले, फीड चालू ठेवा,
आणि पुढच्या कॉटकडे वळले.
चालू ठेवा म्हणजे काय, ते मला विचारा.

आधी नळी जागेवर आहे का बघायचं,
पलंगाचं डोकं वर करायचं,
मग सिरिंज खांद्याइतकी उंच धरून
उभं राहायचं. ढकलायचं नाही.
ढकललं की उलटतं.
दोनशे मिली आपल्या पायांनी उतरेपर्यंत
खिडकीतून मंगळवार पेठेतले पत्रे मोजायचे.

बारा नंबर, गेनबा कुदळे.
खडकीच्या कारखान्यात, कँटीनला,
एकतीस वर्षं आचारी.
नळी घालताना लेक म्हणाली, माफी मागितल्यासारखी,
"आठशे माणसांची आमटी करायचे हो हे."
मी दर वेळी सांगायची,
काका, आज मुगाचं पाणी, दूध, चमचाभर तेल.
ते भिंतीकडे तोंड करायचे.

वजन साडेत्रेचाळीस. गेल्या सोमवारी पंचेचाळीस.
आत किती गेलं, बाहेर किती आलं, याला रकाने आहेत.
दीड किलो गेनबा कुठे गेला
याला नाही.

तिसऱ्या आठवड्यात हुकूम आला: चमचाभर देऊन बघा, घट्ट.
पँट्रीतल्या शेगडीवर पेज आटवली.
ड्यूटीत बसलेलं दिसतं, म्हणून पडदा ओढला
आणि बसले.
हनुवटी खाली, काका. घाई नाही.
कंठमणी वर गेला,
तिथेच थांबला,
(माझाही)
खाली आला.
खोकला नाही.

मग तो शब्द, वाकड्या ओठांतून, ओला:
"मीठ."
आणि डावा हात, जो चालतो तो,
वाटीवर आला, हवेतलं मीठ टाकायला.
चिमूट नव्हती. मूठ होती.
आठशेचा अंदाज अजून हातात होता.

त्यांचं बीपी मला पाठ आहे.
मी पाठ वळवली, रिकामा चमचा वाटीत खळखळ फिरवला,
म्हटलं, घातलं हं.
दुसरा घास त्यांनी जिभेवर धरला
आणि माझ्याकडे पाहिलं.
कँटीनमध्ये माप मारणारे
कितीक पकडले असतील या नजरेनं.

तरी गिळला.

तक्त्यात लिहिलं: वीस मिली, तोंडाने.
शेरा: मीठ कमी, असं रुग्णाचं म्हणणं.
इन्चार्ज बाई बघतील, रागावतील.
साडेतीनला माझा डबा उघडला, मेथी, गार.
तेवढ्यात नऊ नंबरची सलाईन संपली.