वारा पडेपर्यंत

चार डिसेंबरला वॉरंटी संपली.
नऊ तारखेला, पगारपत्रक अर्ध्यावर असताना
लॅपटॉपला एक उचकी लागली
आणि तो गप्प.
बटण दाबलं. चार्जर काढला, लावला, पुन्हा काढला.
ढेकर न काढणाऱ्या पोराची थोपटावी
तशी त्याची पाठ थोपटली.
ऊब होती अजून. तेवढीच होती.

फोनवर सान्तियागोची बाई.
आवाजाला अशी कडक इस्त्री
की तिच्या शहरात वारा नसतो हे लगेच कळलं.
‘पाच दिवसांचा फरक पडला, मॅडम.’
मदरबोर्ड बदलावा लागेल म्हणाली,
आणि जो आकडा सांगितला
त्यात नवा लॅपटॉप येतो,
वर एक मेंढा.

मला मुदतीचं शिकवू नका.
मी इस्मेनिया वुकासोविच,
सव्वीस वर्षं पुंता अरेनासमध्ये
दुसऱ्यांच्या तारखा सांभाळते.
सामुद्रधुनीपलीकडे एकतीस माणसं
वाकून मेंढ्या भादरतायत.
शनिवारच्या बोटीनं येतील.
मेंढीमागं पैसे, आणि कुणी किती भादरल्या
ते सगळं या काळ्या पाटीच्या पोटात.
त्यातल्या सेगुंदोची कंबर
चाळिशीतच मुदतीबाहेर गेली.
त्यानं कुणाला फोन लावला नव्हता.
पट्टा आवळला फक्त.

खाटकाच्या दुकानामागं
ओलेगारियो बारिया बसतो.
पूर्वी बोटींचे रेडिओ दुरुस्त करायचा,
अजूनही बोलताना मध्येच थांबतो,
पलीकडून कुणी उत्तर देईल म्हणून.
अकरा स्क्रू काढले,
ज्या जागेचा तो त्या जागी, बशीत मांडले.
झाकण उघडलं तर आत
माझ्या स्वयंपाकघरातलं पीठ,
मांजराचे केस, एक वाळकी माशी.
मी ओशाळले. कुणीतरी आपलं कपाट उघडावं तशी.
तो म्हणाला, सगळ्यांचं असंच असतं.

मग बोर्डावर स्पिरिट शिंपडलं,
थोडी वीज सोडली,
आणि भिंगातून बघत राहिला.
‘जिथं आधी सुकेल, तिथं दुखणं.’
आम्ही दोघं श्वास धरून
ओल्या हिरव्या गावाकडं बघत होतो.
एका कोपऱ्यात
एवढासा ठिपका कोरडा झाला.

चिमट्यानं उचलून माझ्या तळव्यावर ठेवलं:
उवेएवढं, मातकट.
याच्यासाठी मेंढा मागत होते.
‘नवं नाही बसवणार?’
‘नाही. असे चौदा आहेत ओळीनं, एकाच कामाला.
तेरा जण ओढतील.’
मी काही बोलले नाही.
माझ्या वहीत असे हिशेब नेहमीच येतात,
फक्त त्यांना नावं असतात.

पडदा उजळला.
शेवटच्या तीन ओळी गेल्या होत्या,
बाकी सगळे आपापल्या रकान्यात, जागच्या जागी.
त्यानं पंधरा हजार पेसो मागितले.
कालाफातेच्या जॅमची बाटली मी आपणहून ठेवली.
सवयीनं विचारून गेले:
वॉरंटी?
त्यानं खिडकीकडं पाहिलं.
खाटकाची पाटी दोन खिळ्यांवर थडथडत होती.
‘वारा पडेपर्यंत.’
माझ्या आजोबांपासून
या गावात वारा पडलेला कुणी पाहिला नाही.
म्हटलं तर जन्मभराची हमी,
म्हटलं तर तो नुसता हसला.

बाहेर रात्रीचे दहा, तरी उजेड.
लॅपटॉप छातीशी, मुठीत तो कण;
का ठेवला माहीत नाही,
दात पडला की ठेवतात तसा.
कोपऱ्यावर वाऱ्यानं पायच उचलले.
तिथं लोकांनी धरायला दोर बांधलाय.
दोर धरायचा तर मूठ उघडायला हवी.

उघडली.
गेला पूर्वेला, पाण्याकडं,
भादरणाऱ्यांच्या बाजूला.

मी दोराला धरून घरी आले.
चहा ठेवला.
तीन ओळी पुन्हा भरायच्यात,
पहिली सेगुंदोची.