उरलेली बाटली

एकदा झाकण उघडलं की ही बाटली कुणाची वाट बघत नाही.
हवा लागते, आठवड्याभरात आतच काच होऊन बसते.
म्हणून शुक्रवारी, नेनूच्या लाल फोर्डला
दुसरा हात देऊन झाल्यावर उरलेलं
मी खिशात घालून घरी आणलं.
झेयतुनच्या चढावर बाटली मांडीला लागत होती,
चोरी नव्हे, पण चोरीइतकी गार.

आमचं माल्टा चुनखडीचं. घरं तिची, चर्च तिचं,
शेताच्या कडेचे गडगे तिचे,
आणि नळ सोडला की तेच बेट विरघळून बाहेर येतं,
न्हाणीच्या काचेवर थेंबाथेंबानं वस्ती करतं.
चाळीस वर्षं दर शनिवारी सासूबाई, जूझा,
व्हिनेगर आणि वर्तमानपत्राचा बोळा घेऊन
त्या बेटाला हुसकत आल्या.
सोमवारी बेट परत हजर.

गाडीला करतो तसंच केलं.
आधी आंबट पाणी, मग मातीची मऊ वडी,
मग प्लॅस्टिकच्या पिशवीत बोटं घालून काच चाचपली.
पिशवीतून खरखर जास्त कळते, का ते विचारू नका.
मग स्पिरिट. मग फडक्यावर पाच थेंब,
उभे हात, आडवे हात,
आणि थांबायचं.
काचेवर तेलकट इंद्रधनू उमटतं, जेमतेम दोन श्वास.
तेव्हाच पुसायचं.
आधी पुसलं तर फुकट,
उशीर झाला तर तो डाग नातवंडं बघतील.

"रविवारपर्यंत इथे पाणी नाही," मी जाहीर केलं.
विस्टिन साबण घेऊन तणतणत समुद्रावर गेला.
बायको माहेरच्या न्हाणीत गेली,
जाताना म्हणाली, नेनूच्या गाडीलाही
एवढा मान नसेल.

मग मला थांबता येईना.
नळ, बेसिन, शेगडीची काच, फ्रिजचं दार,
भिंतीवरच्या सांता कातरिनाच्या तसबिरीवरही हात फिरवला.
जूझा दारात उभ्या: "तिला कशाला?
तिच्यावर कोण पाणी उडवतंय?"

न्हाणीच्या तळाशी मात्र आलो आणि फडकं आवरलं.
हे फार गुळगुळीत होतं.
रिमला शोभतं.
ब्याऐंशी वर्षांच्या टाचेला नाही.
तळ खरखरीत ठेवला, गुडघ्यांवर बसून
थोडा जास्तच घासला.

शेवटचे थेंब उंबऱ्याला दिले.
समुद्राचं मीठ त्याला खातंय, कोपरा पिठासारखा गळतो,
म्हटलं, वाचला तर वाचला.
दगडानं एका घोटात गिळलं.
चकाकी नाही, काही नाही,
नाण्याएवढा काळा डाग तेवढा राहिला.
"त्याला श्वास लागतो," जूझा म्हणाल्या,
"तोंड बांधलंस तर आतलं मीठ जाईल कुठे?"
मी गाड्यांचा माणूस. पत्र्याला श्वास नसतो.
हे कुणी शिकवलंच नव्हतं.

रविवारी मिस्सा आटपून त्यांनी शेजारच्या कोंचेटाला आणलं.
आमच्या एवढ्याशा न्हाणीत दोन म्हाताऱ्या,
काळे स्कर्ट वर खोचून,
ओंजळीनं काचेवर पाणी फेकतायत.
पाणी आदळतं, बावरतं, गोळ्या होतात,
आणि पळतं, मागे ठिपकासुद्धा न ठेवता.
"पुन्हा," कोंचेटा म्हणते. पुन्हा.
एवढं पाणी मी गाडी धुतानाही वापरत नाही.
बिलाचं बोललो नाही.

ते मार्चमध्ये.
काल बिजागरीच्या मागे, जिथे माझं फडकं पोचलं नव्हतं,
एक पांढरा ठिपका दिसला,
तिळाएवढा. नख लावलं. हलला नाही.
जूझांना सांगितलं नाही.
पण आज शनिवार,
आणि स्वयंपाकघरातून
व्हिनेगरचा वास येतोय.